माल बारीक येतोय: स्फटिक नक्की कुठे तुटतात ते शोधण्याचा क्रम

बडोद्याजवळ नंदेसरीपासून पादऱ्यापर्यंतच्या, द्रावण थंड करून स्फटिक पाडणाऱ्या कारखान्यांत ही तक्रार साधारण एकाच वाक्यात कानावर येते: ‘माल झीणो आवे छे’, म्हणजे स्फटिक बारीक येताहेत. मग एकेक लक्षण पुढे येते. दोन तासांत उतरणारी बॅच सेंट्रिफ्यूजवर चार तास घेते. केक (गाळून उरलेला मालाचा थर) ओला राहतो, एलओडी (वाळवल्यावर घटणारे वजन, म्हणजे ओलावा) वर जाते. ड्रायरच्या बॅगा लवकर चोंदतात, ड्रममध्ये मालाची ढेकळे होतात, मदर लिकर (स्फटिक गाळून उरलेले द्रावण) गढूळ निघते. आणि एवढे सगळे होऊनही क्यूसीचा (गुणवत्ता तपासणी विभागाचा) डी५०, म्हणजे ज्याच्याखाली निम्मा माल असतो तो आकार, स्पेसिफिकेशनच्या आतच असतो. तिथून उत्पादन विभाग आणि क्यूसी यांची जुंपते.

दोघेही खरेच सांगत असतात. ४०० मायक्रॉनचा एक स्फटिक घ्या. त्याच्या कडा आणि कोपरे झिजून वजनाने फक्त १ टक्का भाग झडला, आणि ती भुकटी २० मायक्रॉनची झाली असे धरा. मूळ स्फटिक ३९८.७ मायक्रॉनचा उरतो, म्हणून डी५० हलत नाही. पण त्या एका टक्क्यातून २० मायक्रॉनचे ८० कण तयार झालेले असतात. एवढ्या बारीक कणाचे वजनामागचे पृष्ठफळ मोठ्या स्फटिकाच्या २० पट असते, त्यामुळे मालाचे एकूण पृष्ठफळ १९ टक्क्यांनी वाढते. केकमधून द्रव जायला होणारा विरोध पृष्ठफळाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे १.४ पट. ५ टक्के झडले तर तोच आकडा ३.९ पट होतो. शिवाय फाइन्स, म्हणजे ही बारीक भुकटी, मोठ्या कणांमधल्या फटी बुजवतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. म्हणून तक्रार आली की डी५० बाजूला ठेवा. डी१० (ज्याच्याखाली १० टक्के माल असतो तो आकार) काय झाला आणि ४५ मायक्रॉनखाली किती टक्के माल आहे, हे दोन आकडे मागच्या दहा बॅचचे काढा.

त्या आकड्यांत तीनपैकी एक चित्र दिसते. डी१० खाली आणि डी९० (ज्याच्याखाली ९० टक्के माल असतो तो आकार) जागेवर: कडा झिजताहेत. डी१०, डी५०, डी९० तिन्ही खाली: एकतर स्फटिक मधोमध फुटताहेत, किंवा बॅचच्या सुरुवातीलाच कणांची संख्या वाढली आहे. कणांच्या आकाराच्या आलेखात दोन उंचवटे: दुसरी पैदास झाली आहे, आणि ती तुटण्यातूनच आली असे अजून म्हणता येत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळ खातो, त्याकडे पुढे येऊ.

पहिली तपासणी: मोजणीच माल तोडत नाही ना?

खर्च शून्य, वेळ अर्धा दिवस. ड्राय पद्धतीने लेझर डिफ्रॅक्शन (कोरडा माल हवेने उडवून लेझरने आकार मोजणे) होत असेल तर एकच नमुना ०.५, १, २ आणि ३ बार दाबावर मोजा. दाब वाढवला की सुरुवातीला गुठळ्या सुटतात आणि आकडे थोडे खाली येऊन स्थिरावतात, ते ठीक. पण डी९० प्रत्येक पायरीला उतरतच राहिला तर उपकरणाची हवाच स्फटिक फोडते आहे. सुईसारख्या स्फटिकांत हे हमखास होते. वेट पद्धतीत (माल द्रवात मिसळून मोजताना) हेच काम अल्ट्रासाउंड करतो. तो बंद ठेवून, मग ३० सेकंद आणि मग २ मिनिटे चालवून तिन्ही आकडे शेजारी ठेवा.

वेट मोजणीत उलटी चूकही होते. डिस्पर्संटमध्ये (मोजताना ज्या द्रवात मिसळतात त्यात) माल जरासा जरी विरघळत असेल तर सगळ्यात आधी फाइन्स विरघळतात, आणि खराब माल चांगला दिसतो. त्याच तापमानाची, बारीक फिल्टरमधून गाळलेली संपृक्त मदर लिकर वापरली की हा प्रश्न मिटतो.

नमुना घेण्याची पद्धतही बघा. तळाच्या व्हॉल्व्हवरच्या नळीत साचलेली स्लरी (द्रावण आणि स्फटिकांचे मिश्रण) बॅचची नसते, ती आधी काढून टाका. नमुना मदर लिकरसकट वाळवला तर त्यात विरघळलेला माल वाळताना बारीक होऊन बसतो, आणि तो तुटल्याचा भास होतो. गाळल्याबरोबर थंड अँटिसॉल्व्हंटने (माल न विरघळवणाऱ्या द्रवाने) धुऊन मग वाळवा.

दुसरी तपासणी: पाच ठिकाणचे नमुने आणि एक मायक्रोस्कोप

एकाच बॅचचे पाच नमुने घ्या: कूलिंग संपल्यावर क्रिस्टलायझरमधून, पंपाच्या पुढे, सेंट्रिफ्यूजच्या किंवा एएनएफडीच्या (ढवळणी असलेल्या फिल्टर-ड्रायरच्या) केकमधून, ड्रायरनंतर आणि सिफ्टरनंतर (चाळणीनंतर). ज्या दोन नमुन्यांमध्ये डी१० एकदम पडतो, गुन्हेगार त्या दोघांच्या मध्ये असतो. हे न करता थेट ढवळणीचे आरपीएम कमी करणारे पुष्कळ आहेत. पुढे बॅच बिघडते आणि कारण ड्रायरमध्ये निघते.

मग स्लाइड. मदर लिकरचा एक थेंब, वर कव्हर स्लिप, १०० पट मोठेपणा पुरतो. मोठ्या स्फटिकांचे कोपरे बघा. खडीसाखरेचे खडे डब्यात महिनाभर हलत राहिले की त्यांच्या धारा जशा बोथट होतात, तसे गोलसर कोपरे म्हणजे घासून झीज. सरळ चिरलेले, एका बाजूला ताजी सपाट भेग असलेले तुकडे म्हणजे धडक बसून फुटणे. छोटे कण पण सगळ्या बाजूंनी पूर्ण, जणू मोठ्याचीच छोटी प्रत: ते बहुधा द्रावणात नव्याने जन्मलेले.

‘बहुधा’ म्हणण्याला कारण आहे. द्रावण अतिसंपृक्त असताना (त्यात मावेल त्यापेक्षा जास्त माल विरघळलेला असताना) तुटलेला तुकडा भरून येतो, भेगेवर नवी बाजू चढते, आणि तासाभराने तो जन्मतःच पूर्ण असल्यासारखा दिसतो. म्हणून बॅच संपल्यावरच्या एका स्लाइडवर निकाल देऊ नका. सीड (वाढ सुरू करायला टाकायचे छोटे स्फटिक) टाकल्यानंतर दर अर्ध्या तासाला एक स्लाइड घ्या.

तिसरी तपासणी: थंड करण्याचा वेग आणि सीड

ही तुटण्याची तपासणी नाही, पण इथेच घ्यायची, कारण हिला फक्त बॅच रेकॉर्ड लागते. जॅकेट (भांड्याभोवतीचे थंड पाण्याचे आवरण) आणि स्लरीच्या तापमानातला फरक मागच्या दहा बॅचमध्ये किती होता ते मांडा. जानेवारीत बडोद्यात कूलिंग टॉवरचे पाणी पावसाळ्यातल्यापेक्षा पुष्कळ थंड येते. व्हॉल्व्ह तेवढाच उघडला तरी बॅच जास्त वेगाने थंड होते, भिंतीवर थर बसतो आणि नवे कण जन्मतात. तक्रार थंडीत येत असेल आणि उन्हाळ्यात आपोआप जात असेल तर ढवळणीला हात लावण्याआधी इथे बघा. सुरुवातीला संथ आणि शेवटी वेगात असा कूलिंगचा क्रम ठेवला की हा भाग बहुतेक वेळा आटोपतो, कारण सुरुवातीला माल बसायला स्फटिकांचे पृष्ठफळच कमी असते.

सीड किती टाकले, कोणत्या तापमानाला टाकले आणि त्यानंतर किती वेळ थांबले, हे तीन आकडेही त्याच कागदावर लिहा. सीड विरघळून गेल्याची बॅच आणि तुटलेल्या मालाची बॅच शेवटी सारखीच दिसते.

चौथी तपासणी: संपृक्त द्रावणात नुसते ढवळणे

या सगळ्या क्रमात एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. बॅच शेवटच्या तापमानाला आली की एक तास थांबा. गाळलेल्या मदर लिकरची सांद्रता अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच आला म्हणजे द्रावणात वाढीला काही उरलेले नाही. आता नेहमीच्याच आरपीएमवर ढवळत ठेवा आणि ०, २, ४, ८ तासांना नमुने घ्या. तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरा, नाहीतर कण थोडे विरघळून पुन्हा वाढतात आणि चित्र गढूळ होते.

वाढ थांबलेली, नवा जन्म थांबलेला. आता जे फाइन्स वाढतील ते केवळ तुटण्यातून आलेले. आठ तासांत काहीच बदलले नाही तर क्रिस्टलायझर निर्दोष आहे: एकतर कूलिंग बघा, नाहीतर पुढची यंत्रे. डी१० उतरला आणि डी९० स्थिर राहिला तर झीज. दोन्ही उतरले तर फुटणे. सातव्या पायरीतल्या गणिती मॉडेलसाठी लागणारी सगळ्यात मोलाची माहितीही इथूनच मिळते, म्हणून नमुन्यांचे पूर्ण आलेख जपून ठेवा, नुसते डी५० लिहून ठेवू नका.

पाचवी तपासणी: ढवळणी

आता आरपीएम. पात्याच्या टोकाचा वेग काढा: व्यास गुणिले ३.१४ गुणिले सेकंदाला फेऱ्या. ५ किलोलिटरच्या रिअॅक्टरमध्ये ०.९ मीटरचे तिरप्या पात्यांचे अॅजिटेटर ६० आरपीएमला फिरत असेल तर टोकाचा वेग २.८ मीटर प्रति सेकंद. लॅबमधल्या १ लिटरच्या भांड्यात ५ सेंटिमीटरचे तसलेच पाते ४०० आरपीएमला फिरते, त्याचा वेग १.०५. पॉवर नंबर (पाते किती शक्ती खाते ते सांगणारा आकडा) दोन्हीकडे १.३ धरला तर शक्ती लॅबमध्ये सुमारे ०.१२ आणि प्लांटमध्ये ०.१५ वॉट प्रति किलो येते. कागदावर स्केल-अप उत्तम झाले. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणजे प्लांटमधला स्फटिक पात्यावर सातपट जोराने आदळतो. ‘लॅबमध्ये तर सुंदर स्फटिक येत होते’ या वाक्याचा बराचसा अर्थ या सातपटीत आहे. उलट बाजूने, प्लांटमध्ये स्फटिक पात्याजवळ येण्याचे प्रसंग कमी असतात, म्हणून परिणाम सरळ सातपट होत नाही. नुसती शक्ती किंवा नुसता टोकाचा वेग धरून मॉडेल मांडणारे इथेच फसतात.

आकाराचाही भाग आहे. अगदी बारीक कण द्रवाच्या प्रवाहाबरोबर पात्याला वळसा घालून निघून जातात, मोठा स्फटिक वळू शकत नाही आणि आदळतो. म्हणून बॅचच्या शेवटच्या तासांत, स्फटिक मोठे झाल्यावर, ढवळणीची मारझोड सर्वाधिक होते. सगळ्या बॅचला एकच आरपीएम ठेवण्यापेक्षा शेवटी व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर) कमी करणे बरे. ७५ वरून ६० आरपीएमला आलात तर शक्ती जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते.

किती खाली यायचे याला मर्यादा आहे. सगळे कण तळावरून उचललेले राहण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाचे सूत्र झ्वीटरिंग यांनी १९५८ मध्ये दिले आणि ते आजही वापरतात. कोणताही कण तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नये, ही त्यांची कसोटी. बंद रिअॅक्टरचा तळ दिसत नाही, म्हणून ५-५ आरपीएमने उतरा आणि दर पायरीला वरून व खालून नमुना घेऊन घन पदार्थाचे प्रमाण बघा. खालचे प्रमाण वरच्यापेक्षा चढायला लागले की एक पायरी परत वर या. त्याखाली गेलात तर माल तळाशी बसून दळला जातो, आउटलेट चोंदते, आणि बसलेल्या थरात ढवळणी पुन्हा सुरू करताना गिअरबॉक्सवर घाला येतो.

सहावी तपासणी: पंप, फिल्टर, ड्रायर

१५० मिलिमीटरचे इम्पेलर २९०० आरपीएमला फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपात टोकाचा वेग सुमारे २३ मीटर प्रति सेकंद असतो. ढवळणीच्या आठपट, ऊर्जेने साठपटीच्या वर. त्यात स्लरी बसू नये म्हणून रिसर्क्युलेशन चालू ठेवतात. २० घनमीटर तासाचा पंप ५ घनमीटरच्या बॅचवर दोन तास चालला तर प्रत्येक स्फटिक सरासरी आठ वेळा त्या पंपातून जातो. डिस्चार्ज व्हॉल्व्ह अर्धा मिटवून प्रवाह आवरणे म्हणजे त्यावर आणखी मार. स्वस्त उपाय असा: रिसर्क्युलेशन बंद करा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून वेग व्हीएफडीने कमी करा. शक्य असेल तिथे उतारानेच स्लरी जाऊ द्या. हे पुरले नाही तर डायफ्राम किंवा पेरिस्टाल्टिक पंपाचा खर्च करा.

एएनएफडीत केक अर्धवट ओला असताना अॅजिटेटर सतत फिरवला तर सुया मोडतातच. आधी व्हॅक्यूमवर, न फिरवता सॉल्व्हंट उतरू द्या. नंतर थांबून थांबून, दर वीस मिनिटांनी दोन-तीन फेरे. टॉर्क चढत असेल तर तो फेरा सोडून द्या.

फ्लुइड बेड ड्रायरसाठी वजनकाटा पुरे: प्रत्येक बॅचनंतर बॅगांमधून झटकलेल्या भुकटीचे वजन लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये ते वाढते असे दिसेल. दमट हवेने माल वाळायला जास्त तास लागतात आणि तेवढे तास कण एकमेकांवर घासत राहतात. वाळण्याची वेळ ठरवून थांबू नका, एलओडी बघून थांबा.

सातवी पायरी: मॉडेल

इथवर आल्याशिवाय मॉडेल उघडू नये. पॉप्युलेशन बॅलन्सचे समीकरण मुळात हिशेबाची वही आहे: प्रत्येक आकाराच्या खान्यात वाढून किती कण आले, जन्मून किती, मोठ्यांच्या तुटण्यातून किती, आणि स्वतः तुटून किती गेले. रासायनिक अभियांत्रिकीत ही मांडणी १९६४ मध्ये हलबर्ट आणि कॅट्झ यांनी रुजवली. तुटण्यासाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या आकाराचा कण किती वेगाने तुटतो, आणि तुटल्यावर कोणते तुकडे पडतात.

दुसऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका होतात. सॉफ्टवेअर बहुधा ‘कुठेही समान शक्यतेने दोन तुकडे’ असे गृहीत धरून ठेवते. तुमच्या प्लांटमध्ये झीज होत असेल तर हे साफ चुकीचे. झिजेत एक जवळजवळ तेवढाच मोठा कण आणि पुष्कळ भुकटी पडते. ओळखायची खूण सोपी आहे: मॉडेलमध्ये डी९० खाली येतो आणि प्लांटमध्ये येत नाही, तर तुकड्यांचे गृहीतक बदला, वेगाच्या स्थिरांकाशी झटापट करू नका.

क्रम असा ठेवा. चौथ्या तपासणीतल्या आठ तासांच्या आलेखांवर फक्त तुटण्याचे स्थिरांक बसवा, तेव्हा वाढ आणि जन्म शून्य असतात. ते गोठवा. मग पूर्ण बॅचच्या आकड्यांवर वाढीचे आणि जन्माचे स्थिरांक बसवा. हे सगळे एकदम, शेवटच्या एका आलेखावरून बसवले तर जन्म जास्त आणि तुटणे कमी, किंवा उलट, अशा कितीही जोड्या सारख्याच छान बसतात आणि प्लांटवर एकही चालत नाही.

दोन पडताळण्या न चुकता करा. नुसत्या तुटण्याने वजन बदलत नाही, संख्या वाढते. म्हणून वाढ बंद ठेवून मॉडेल चालवले तर तिसरा मोमेंट (कणांच्या एकूण घनफळाचे माप) स्थिर राहायला हवा. एक टक्क्याहून जास्त सरकला तर खाने फार रुंद आहेत किंवा पद्धत चुकली आहे. कुमार आणि रामकृष्ण यांची १९९६ ची फिक्स्ड पिव्होट पद्धत संख्या आणि वजन दोन्ही राखते, खाने प्रत्येकी आधीच्याच्या १.२६ पट आकाराचे घेतले तरी सुरुवातीला पुरते. दुसरी पडताळणी अशी: स्थिरांक बसवताना न वापरलेल्या वेगळ्या आरपीएमच्या बॅचचे भाकीत करा आणि डी१० जुळतो का बघा.

मॉडेल एक गोष्ट फार चांगली दाखवते: तुकडे कधी पडले यावर निकाल ठरतो. बॅचच्या सुरुवातीला तुटून कणांची संख्या दुप्पट झाली आणि माल तेवढाच बसणार असेल तर सरासरी आकार ४०० वरून ३१७ मायक्रॉनवर येतो. आठपट झाली तर २०० वर. तेच तुटणे शेवटच्या तासात झाले तर डी५० हलत नाही, फक्त शेपटी वाढते. म्हणून तिन्ही आकडे पडलेले दिसले की लगेच ‘स्फटिक मधोमध फुटताहेत’ म्हणू नका. सीडनंतरच्या पहिल्या दोन तासांतली ढवळणी कमी करून बघा.

कुठे थांबायचे

मालात काचेचे कण किंवा काळे ठिपके दिसले तर त्या क्षणी बॅच थांबवा. ग्लास लायनिंगची स्पार्क टेस्ट उत्पादकाच्या माणसाकडूनच. शाफ्ट डगमगत असेल, मेकॅनिकल सील गळत असेल, अॅम्पिअर नेहमीच्या आरपीएमला चढले असतील तर मेंटेनन्सच्या जाणकाराला बोलवा, स्वतः आत उतरू नका. सॉल्व्हंटच्या भांड्याचे मॅनहोल ‘तळ बघायला’ उघडणे, किंवा ड्रायरच्या बॅगांमधली कोरडी भुकटी नायट्रोजन आणि अर्थिंगशिवाय हाताळणे, या दोन्हीत स्फोटाचा धोका आहे. तिथे प्रोसेस सेफ्टीच्या माणसाशिवाय पुढे जाऊ नका.

औषधी मालात आरपीएम, कूलिंगचा क्रम किंवा पंप बदलणे हा चेंज कंट्रोलचा (बदलाला आधी रीतसर मंजुरी घेण्याचा) विषय आहे. चाचणीची बॅचसुद्धा क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) लेखी परवानगीनेच. स्फटिकांचा आकारच बदललेला दिसला, पाट्यांच्या जागी सुया आल्या, तर ते वेगळे पॉलिमॉर्फ (त्याच पदार्थाची वेगळी स्फटिकरचना) असू शकते. एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचनेची तपासणी) होईपर्यंत बाकीचे प्रयोग बंद. आणि चौथी तपासणी दोनदा करूनही दोन वेगळी उत्तरे आली, किंवा मॉडेल वेगळ्या आरपीएमवर डी१० पकडत नसेल, तर क्रिस्टलायझेशनचा तज्ज्ञ बोलवायची वेळ झाली.

तो येण्याआधी एवढे एका फोल्डरमध्ये तयार ठेवा: पाच ठिकाणच्या नमुन्यांचे पूर्ण आलेख, संपृक्त ढवळणीचे चार आलेख, वेळ लिहिलेले स्लाइडचे फोटो, जॅकेट आणि स्लरीचे तापमान दर पाच मिनिटांचे, विद्राव्यतेची वक्ररेषा, अॅजिटेटरचे रेखाचित्र व्यासासकट, आणि पंपाची नेमप्लेट.